पियानोवर लाटलेले पापड

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वाळवण घालायला बंदी आहे. लिफ्टमध्ये तशी पाटीच लावली आहे, आणि ती पाटी नेमकी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, यावरून ती कोणासाठी आहे ते मला समजतं. पुनावळ्याच्या या उंच इमारतीत मी मुलाकडे राहते. होळी झाली, ऊन गॅलरीची फरशी ओलांडून घरात शिरायला लागलं, की माझे हात शिवशिवतात. गच्ची नाही तर गॅलरी. गॅलरीत एसीचा बाहेरचा डबा बसवला आहे. तो दुपारभर गरम वारा सोडतो, आणि त्या वाऱ्यावर सांडगे काय सुरेख वाळतात, हे कमिटीला अजून कळलेलं नाही. कळलं की त्याचीही पाटी लागेल.

यंदा मात्र उडदाचं पीठ मळताना हात जड होते. माझी मैत्रीण यमुना तळवड्याला तिच्या मुलाकडे असते. दिवाळीनंतर तिचा उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे तिथंच, पण मांडीवर पडून असतो. जीभ वाचली, हे देवाचं काम. ती गेली असती तर यमुनात उरलं काय असतं. फिजिओची मुलगी घरी येते. तिनं सांगितलंय, की टेबलावर टॉवेल घालून लाटणं पुढे-मागे फिरवा, रोज. हेच महिने कामाचे आहेत, नाहीतर हात असाच आखडून बसेल. यमुना लाटण्याला हात लावत नाही. 

"रिकामं लाटणं फिरवायला मी येडी हाय का?" असं ती त्या मुलीला म्हणाली. "खाली लाटी नाही, पीठ नाही. भातुकली खेळायलोत का आपण?"

तिची सून रेखा मला फोनवर सांगत होती आणि रडू आवरत होती. मला आधी हसू आलं, मग ते गिळलं. जिच्या हातचा पापड उन्हाकडे धरला की पलीकडचं माणूस ओळखू यायचं, ती बाई आता उजवा हात पदराखाली झाकून बसते. पाहुणे आले की जास्तच.

अशा दिवसांत आमच्याकडे एक मोठं, चपटं पार्सल आलं. नात सई हिंजवडीला नोकरी करते. ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य जातं, म्हणून उरलेल्या अर्ध्यात तिला संथ गोष्टींचा शौक आहे. मातीच्या भांड्यात भात शिजवणं, हातानं कॉफी दळणं, आणि आता रेकॉर्डप्लेअर. पेटीसारखा मिटणारा, कडीचा. तिनं पार्सल उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

"ओळख, आजी."

मी ओळखलं. चष्म्याशिवाय ओळखलं. निळसर कव्हर, त्यावर पियानोवर पार ओणवा झालेला एक माणूस. चष्मा नाकावर घसरलेला, कपाळ पट्ट्यांना टेकायचं तेवढं बाकी. हे कव्हर माझ्या ट्रंकेत आहे. फक्त कव्हर. सईनं कधीतरी त्याचा फोटो काढून शोध लावला होता. जुना अल्बम, जॅझवाल्यांमध्ये फार मान असलेला, आता मूळ टेपवरून नव्यानं काढलेला.

"भावोजी," मी म्हटलं.

"कोण भावोजी?"

आता तिला काय काय सांगू.

मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा स्वतःला फार शिकलेली समजत होते. कऱ्हाडला कॉलेजचं एक वर्ष केलं होतं, आणि त्या एका वर्षाचा मी असा उपयोग केला की चाळीतल्या बायकांना वाटावं, ही बॅरिस्टर व्हायची राहिलेली आहे. औषधाच्या बाटल्यांवरचं इंग्रजी मी मोठ्यानं वाचायची. कोणी विचारलेलं नसायचं. दोन वेण्या, कोपरापर्यंत बाह्या आणि प्रत्येक विषयावर मत. ती मुलगी आज मला जिन्यात भेटली तर मी तोंड चुकवून लिफ्टनं जाईन.

आमचे हे कंपनीत सेटर होते. मशीनवर जॉब लावायचा, माप जुळवायचं, आवाज ऐकायचा आणि मग चालवणाऱ्याच्या हवाली करायचं. त्या वर्षी एक मशीन बसवून द्यायला परदेशातून साहेब आला होता. काम संपवून तो परत निघाला तेव्हा त्यानं आपलं सामान वाटून टाकलं. कोणाला टेबलफॅन मिळाला, कोणाला इस्त्री, कोणाला चांगला जाड गालिचा. आमचे हे सायकलवर मागे एक खोकं बांधून आले. आत रेकॉर्डप्लेअर आणि एकच रेकॉर्ड.

"फॅन का नाही आणला?" मी विचारलं.

"साहेबानं विचारलं, काय पाहिजे. हे चालू होतं. मी ऐकत उभा राहिलो, तेवढ्यात फॅन गेला."

यावर शिकलेल्या बायकोनं काय बोलावं? मी दोन दिवस बोलले नाही, आणि त्या दोन दिवसांत घाम पुसताना मुद्दाम त्यांच्यासमोर पुसला.

रविवारी यांनी ते मशीन लावलं. हो, त्यांच्या लेखी ते मशीनच. बाजूला एक दांडी होती आणि तिच्यापुढे वेगाचे चार आकडे. साहेबानं दांडी तेहतीसवर ठेवलेली होती. उन्हाळ्याची दुपार. आमच्या चाळीत दुपारी व्होल्टेज इतकं उतरायचं की पंख्याची पाती मोजता यायची. सुई टेकली आणि आतून असा आवाज आला, जसं गंजीखाली सापडून म्हैस हंबरतेय. ह्यांनी मान तिरकी केली. कंपनीत मशीनचा आवाज ऐकताना करत असतील तशी. मग दांडी सरकवून पंचेचाळीसवर नेली. म्हैस उठून उभी राहिली आणि बऱ्यापैकी चालायला लागली.

"लागलं सेटिंग," हे म्हणाले, आणि खिशातून लाल चिकटपट्टी काढून त्यांनी ती दांडी तिथल्या तिथे चिकटवून टाकली. कंपनीचा रिवाज. एकदा सेटिंग लागलं की वरून लाल पट्टी, म्हणजे त्याला कोणी हात लावायचा नाही.

पुढे व्होल्टेज सुधारलं. म्हैस पळायला लागली, मग नाचायला लागली. मला वाटलं, रेकॉर्ड वापरून मोकळी झाली. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मशीन गरम झालं की स्मूथच चालतं." लाल पट्टी तशीच. गाणारं माणूस त्यात कोणी नव्हतं, नुसता पियानो, मागे एक मोठं तंतुवाद्य आणि कोणीतरी ताशावर कुंचा फिरवल्यासारखा आवाज. माणसाचा गळा असता तर उंदरासारखा चिरकला असता आणि आम्हाला कळलं असतं. पियानो बिचारा कशाला तक्रार करतोय.

घरात तो वाजवायची सोय नव्हती. ह्यांना रात्रपाळी असली की दिवसा खोलीत झोप. खालीवर सगळीकडे कोणीतरी रात्रपाळीचं झोपलेलं. भोंगा झाला की एक पाळी घरी यायची आणि चाळ आवाज दाबून चालायची. म्हणून आम्ही बायका गच्चीवर जायचो. टाकीच्या सावलीत पोळपाट मांडायचे, वरच्या खोलीच्या खिडकीतून लांब वायर ओढायची, आणि भावोजींना सुरू करायचं. भावोजी हे नाव यमुनानं ठेवलं. कव्हर बघून म्हणाली, "हे आमच्या थोरल्या भावोजीवानी हाय. असंच वाकून वाकून काहीतरी हुडकत असतेत. चष्मा नाकावरच असतोय."

यमुना नांदेडकडची. तिचा नवरा त्याच कंपनीत फाउंड्रीत होता. चाळीत ती आली तेव्हा भिंतीवर बुद्धाची तसबीर लावायला खिळा मागायला माझ्याकडे आली, आणि मी खिळ्याबरोबर तिला थोडं इंग्रजीही दिलं. तिनं खिळा तेवढा घेतला.

त्या उन्हाळ्याचे वास अजून माझ्या नाकात आहेत. कुटलेल्या उडदाचा, हिंगाचा, पापडखाराचा, तापलेल्या गच्चीवर टाकलेल्या ओल्या धोतराचा. वारा फिरला की कारखान्यांच्या बाजूनं येणारा तेलकट, लोखंडी वास. पोरं लाट्या चोरायची, कच्च्याच तेलात बुडवून खायची. आणि पंचेचाळीसच्या वेगात भावोजी. काय पळायचे त्यांचे हात. त्यांच्याबरोबर आमची लाटणी पळायची. एक लाटी पोळपाटावर आपटली की लाटणं सपासप, मध्येच गिरकी, पापड सुटला. सगळ्यांत आधी यमुनाचा. तिची मनगटं पियानोच्या पुढे असायची. भावोजी दमायचे, ती दमायची नाही. बांगड्या दंडावर चढवून, ओठ दाबून, हसू दाबून.

तिचा पापड तपासायची पद्धतही तिचीच. लाटलेला पापड बोटांवर घेऊन उन्हाकडे धरायचा आणि पलीकडे मला उभं करायचं. "मंगलचं नाक दिसलं की पास." माझं नाक तेव्हा फारच वर असायचं, त्यामुळे सापडायला सोपं जायचं. तळमजल्याच्या काकू यमुनाच्या घरचं पाणी पीत नसत, पण वाटणीच्या वेळी पापड बरोबर तिच्याच चळतीतले उचलायच्या. यमुना बघायची, आणि माझ्याकडे पाहून एक भुवई उचलायची. ती भुवई मला कॉलेजच्या वर्षापेक्षा पुष्कळ शिकवून गेली. पण सावकाश; तेव्हा मी शिकवण्यात गुंतलेली होते.

कारण मी व्याख्यान देत होते. हे लग्नातलं संगीत आहे, मी बायकांना सांगितलं. तिकडे नवरी देवळातून बाहेर आली की असं वाजवतात. पाश्चात्त्य संगीतात दुःख नसतंच मुळी, हाही माझा शोध. का नसतं? तर त्यांच्याकडे थंडी फार, अंग हलवत ठेवावं लागतं. बायका माना डोलवायच्या. यमुना म्हणायची, "मग हा चष्मेवाला लग्नात असा तोंड पाडून कामून बसलाय?"

"तो वाजवतोय," मी म्हणायची.

"वाजवणारे आमच्याकडं बी असतेत. असं बसत नाहीत."

तिला कव्हर बघून जे कळलं होतं, ते मला ऐकूनही कळलं नव्हतं.

रेकॉर्डचा शेवट तिच्या लौकिकाला साजेसा झाला. एका दुपारी वावटळ उठली, पापड उडायला लागले, आम्ही जमतील तेवढे पदरात गोळा करून खाली पळालो. वावटळ गेली, चहा झाला, गप्पा झाल्या. पापड सगळे वाचले. वर गेलो तर टाकीची सावली सरकलेली, आणि भर उन्हात भावोजी पापडासारखे फुललेले. कडा वर, मध्ये खळगा. ह्यांनी ती रेकॉर्ड दोन फळ्यांमध्ये दाबून बघितली, शिकंज्यात धरून बघितली. शेवटी यमुना म्हणाली, "आता तळून बघा." हे आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. कव्हर मात्र मी ठेवलं.

सईला एवढं सगळं सांगेपर्यंत तिनं सुई टेकवलीही होती. आणि घरात काहीतरी सुरू झालं. एक सूर. मग पुष्कळ जागा. मग दुसरा, तोही येऊ की नको करत.

मी म्हटलं, "सई, व्होल्टेज उतरलंय का गं?"

"आजी, इथं कसलं व्होल्टेज उतरतंय? जनरेटर आहे आपल्याकडे."

"मग हा असा काय वाजवतोय?"

"असाच आहे हा. तेहतीसवर लावलाय."

त्या क्षणी मला ती लाल चिकटपट्टी दिसली. जिथं असायची तिथं, दांडीवर. मी सईला पंचेचाळीसवर लावायला सांगितलं. लावलं, आणि ते आलेच, आमचे भावोजी, धावत-पळत, टाकीच्या सावलीसकट. मला इतका आनंद झाला. सई मात्र सोफ्यावर लोळून हसत होती. "आजी, हे कार्टूनमधल्या उंदरासारखं वाटतंय."

मग तिनं पुन्हा तेहतीसवर आणलं आणि आतला कागद वाचायला घेतला. वाचता वाचता तिचं हसू ओसरलं. त्यात लिहिलं होतं, की आपली आई गेल्यानंतर बरेच दिवस तो वाजवणारा माणूस पियानोजवळ गेलाच नव्हता. मग गेला, तेव्हा हे वाजवलं.

सुतकात कोणी वाळवण घालत नाही. कढई चढत नाही, पापड लाटत नाहीत. आणि आम्ही अख्खा एक मोसम त्या माणसाच्या सुतकात, बांगड्या वर चढवून, खिदळत पापड लाटले. वर मी त्याचं लग्न लावून दिलं. ह्यांना हे सांगायला हवं होतं, पण हे आता नाहीत. असते तरी म्हणाले असते, सेटिंग बरोबरच होतं, व्होल्टेज चुकीचं होतं.

मी मळलेल्या पिठातला एक गोळा तेल लावून डब्यात घातला. सईला म्हटलं, पेटी उचल, तळवड्याला जायचंय.

यमुना खिडकीजवळ बसली होती. उजवा हात पदराखाली. रेकॉर्डप्लेअर बघून म्हणाली, "हे काय, डबा घेऊन शिफ्टला निघालीस काय?" कव्हर दाखवलं तर तिचा चेहरा असा उजळला, की रेखा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत उभी राहिली.

"भावोजी! म्हातारे नाही झाले गं."

मी सईला खूण केली. पंचेचाळीस. मला वाटलं होतं, तो पळता पियानो ऐकला की ती हात आपोआप काढेल. सगळी उमेद त्याच्यावरच होती. कॉलेजच्या त्या एका वर्षाची अक्कल अजून पुरती गेलेली नाही.

तिनं हात काढला खरा. पदर बाजूला झाला, बोटं गुडघ्यावर हलली, लाटणं धरल्यासारखी वळायला लागली. पियानो पुढे गेला. तिनं ओठ दाबले, पुन्हा हलवली. पियानो आणखी पुढे. बोटं तिथंच अडकली, हात घसरून मांडीवर पडला. तिनं तो डाव्या हातानं उचलून पुन्हा पदराखाली नेला.

"बंद कर," ती म्हणाली. "माझ्यावर हसायलाय त्यो."

रेखानं तोंड फिरवलं. मला जागच्या जागी विरघळून जावंसं वाटलं. सईनं बंद केलं नाही. तिनं काही न विचारता दांडी मागे सरकवली.

एक सूर. मग पुष्कळ जागा.

यमुना खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "लाईट गेली का?"

"नाही," मी म्हटलं. "हा मुळात असाच आहे. आपलं सेटिंग चुकलं होतं." आणि तिला सगळं सांगितलं. व्होल्टेज, लाल पट्टी, त्याची आई, सुतक. "आपण त्याच्या सुतकात पापड लाटले गं."

भावोजी सावकाश वाजवत होते. मग ती म्हणाली, "सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्या बाया भाकर घेऊन जातेत का नाही? आपण पापड नेले."

हे माझ्या कुठल्याच व्याख्यानात नव्हतं.

"तवाच म्हणलं होतं तुला," ती म्हणाली. "लग्नात असं कोणी बसत नाही."

तिचा पदर हलत होता. मी बघितलं नाही असं दाखवून पोळपाट मांडला, डबा उघडला. हिंगाचा वास खोलीभर झाला. एक लाटी तोडून मध्ये ठेवली, लाटणं ठेवलं आणि सईशी उगाच ट्रॅफिकबद्दल बोलत बसले. यमुनानं डाव्या हातानं उजवा हात उचलून लाटण्यावर ठेवला. सूर आला, तिनं ढकललं. मग जागा. त्या जागेत तिचा हात मागे यायला वेळ मिळत होता. तो आला. पुन्हा सूर. भावोजी तिच्यापुढे जात नव्हते. तिच्या कपाळावर घाम आला, लाटणं एकदा तिरकं सुटलं, रेखा पुढे झाली तर यमुनानं तिच्याकडे अशी भुवई उचलली की ती जागीच थांबली.

हात बरा झाला असं मी म्हणत नाही. फिजिओची मुलगीही म्हणत नाही. पापड झाला, एवढंच. एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटका, आमच्या चाळीच्या नकाशासारखा. यमुनानं तो डाव्या हातावर घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि मला पलीकडे उभं राहायची खूण केली. मी उभी राहिले.

"तुझं नाक दिसंना."

"बसलंय आता ते. खाली आलंय."

"आणखी जरा येऊ दे," असं म्हणून तिनं पापड रेखाच्या हातात दिला. "वाळत घाल. वेगळा घालू नको, तुझ्या सगळ्या पापडांत घाल."

तेवढ्यात रेकॉर्ड संपली. सुई मध्यावर पोहोचून खरखरायला लागली. सई प्लेअर आवरायला उठली, आम्हाला परत ट्रॅफिक गाठायचं होतं.

"आवरू नको, पोरी," यमुना म्हणाली. "दुसरी बाजू लाव."

मग हात लाटण्यावर तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता, "लाटी दे गं मंगल. बारीक दे."